पुलाच्या डेक स्लॅबला तडे: साइटवर नव्याने आलेल्या इंजिनिअरसाठी

डेक स्लॅबवर, म्हणजे ज्यावरून गाड्या धावतात त्या काँक्रीटच्या थरावर, तडा दिसला की साइटवर पहिलं बोट लोखंडाकडे जातं आणि दुसरं ठेकेदाराकडे. पण बऱ्याच डेकना तडे जातात ते पुलावरून एकही गाडी जायच्या आधी. म्हणजे भार नाही, वाहतूक नाही, तरीही तडा. १९९६ साली अमेरिकेत या विषयावर एक मोठा अहवाल आला. तिथल्या एक लाखाहून जास्त पुलांच्या डेकवर अगदी सुरुवातीच्या काळातच आडवे, म्हणजे पुलाच्या रुंदीच्या दिशेने जाणारे, तडे पडल्याचं त्यात म्हटलं होतं. तेव्हा हा रोग एकट्या आपल्याकडचा नाही, आणि फक्त ढिसाळ कामाचाही नाही.

कारण साधं आहे. काँक्रीट आकसतं आणि गर्डर, म्हणजे स्लॅबखालची लांब तुळई, त्याला आकसू देत नाही. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, म्हणतं की चाचणीची माहिती नसेल तर एकूण आकुंचन ०.०००३ धरा. २५ मीटरच्या स्पॅनला (दोन आधारांमधल्या अंतराला) हे साडेसात मिलिमीटर होतं. स्लॅब मोकळा असता तर दोन्ही टोकांनी थोडा थोडा आत सरकला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण शिअर कनेक्टरनी (गर्डरच्या माथ्यावरच्या खुंट्यांनी) किंवा गर्डरमधून वर आलेल्या सळ्यांनी तो गर्डरला जखडलेला असतो. काही महिने आधी ओतलेल्या प्रीकास्ट गर्डरचं बरंचसं आकुंचन होऊन गेलेलं असतं, आणि स्टीलचा गर्डर तर सुकून आकसतच नाही. मग स्लॅबमध्ये ताण येतो. ताणात काँक्रीट साधारण ०.०००१ ते ०.०००१५ एवढंच लांबू शकतं. ओढ हळूहळू आली तर क्रीपमुळे (सततच्या ताणाखाली काँक्रीट हळूहळू सैलावतं त्यामुळे) तिचा काही भाग विरतो, भराभर आली तर विरायला वेळच मिळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आपण दोनच गोष्टी साधणार आहोत: आकुंचन कमी करायचं आणि जे होणार आहे ते उशिरा व हळू होऊ द्यायचं.

पायरी १: तड्याचं वय विचारा

तडा कधी दिसला हे कळलं तर अर्धं निदान झालं. त्यामुळे स्लॅब ओतल्यावर पहिल्या संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी, सातव्या दिवशी आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) संपल्यावर स्वतः चालत जाऊन बघायचं आणि तारीख लिहायची. महिन्याभराने एकदम बघाल तर सगळे तडे सारखेच दिसतील.

पहिल्या काही तासांत, काँक्रीट मऊ असतानाच पडतात ते प्लास्टिक श्रिंकेजचे तडे. पृष्ठभागावरचं पाणी उडतं, खालून वर येणारं पाणी तितक्या वेगाने येत नाही, वरचा थर सुकून फाटतो. हे तडे बहुधा एकमेकांना समांतर असतात, स्लॅबच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, वर चांगलेच रुंद आणि खाली निमुळते असतात.

त्याच वेळात दुसरी एक जात दिसते. टेप घ्या आणि दोन तड्यांतलं अंतर मोजा. ते वरच्या जाळीच्या सळ्यांच्या अंतराशी जुळलं तर तो सेटलमेंटचा तडा. काँक्रीट खाली बसतं, सळई बसत नाही, म्हणून सळईच्या डोक्यावर ते फाटतं. कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) कमी, सळई जाड आणि स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) जास्त, अशी तिन्ही कारणं एकत्र आली की हे तडे हमखास. ते वाईट अशासाठी की पाणी थेट सळईवरच नेऊन सोडतात.

पहिल्या एक-दोन दिवसांपासून आठवड्याभरात पुलाच्या आडव्या दिशेने तडा आला तर तापमानाचा संशय घ्या. सिमेंटच्या उष्णतेने स्लॅब तापलेल्या अवस्थेत घट्ट होतो आणि मग थंड होताना आकसतो. आठवड्यांपासून वर्षभरात येणारे आडवे तडे मुख्यतः सुकण्याच्या आकुंचनाचे. प्रत्यक्षात या दोघांची बेरीज होते: तापमान अर्धं काम करून ठेवतं, सुकणं ते पूर्ण करतं. असे तडे साधारण १ ते ३ मीटर अंतरावर, बऱ्याचदा आरपार. पावसाळ्यानंतर स्लॅबच्या पोटाला पांढरे ओघळ दिसले की समजा तडा आरपार आहे.

कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, उथळ नक्षी म्हणजे क्रेझिंग. ती फिनिशिंगची चूक, त्याबद्दल पुढे. पिअरच्या (पुलाच्या खांबाच्या) वर, स्क्यू (तिरक्या) पुलाच्या टोकदार कोपऱ्यात किंवा गर्डरच्या कडेने लांबीच्या दिशेत जाणारे तडे मात्र स्वतः निकाली काढू नका. डिझायनरला कळवा.

पायरी २: मिक्सच्या बैठकीत गप्प बसू नका

नव्या इंजिनिअरला वाटतं की मिक्स डिझाइन लॅबचं काम. पण स्लॅबच्या तड्यांचा निम्मा निकाल तिथेच लागतो. आपल्याकडे एक पक्की समजूत आहे: सिमेंट वाढवलं की काम मजबूत होतं आणि क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) फेल व्हायची भीती जाते. डेकच्या बाबतीत हा विमा उलटा पडतो. जास्त सिमेंट म्हणजे जास्त उष्णता, जास्त पेस्ट, जास्त आकुंचन. शिवाय फार ताकदीचं काँक्रीट ताठ असतं, त्याचा क्रीप कमी, त्यामुळे आलेला ताण ते सैल करत नाही. एम ४०, म्हणजे ४० मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट, मागितलं आणि २८ दिवसांना ५८ आलं तर पेढे वाटण्यापूर्वी मिक्स तपासा.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाने कमी तड्यांच्या डेकसाठी जो मसुदा बनवला, त्यात सिमेंट घनमीटरला सुमारे ३२० किलोच्या आत ठेवलं होतं, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आसपास, स्लम्प ७५ मिलिमीटरच्या खाली आणि ताकदीला वरचीही मर्यादा! आपल्याला हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. टिकाऊपणासाठी आयआरसी ११२ या पुलांच्या काँक्रीटच्या नियमावलीत किमान सिमेंट आणि कमाल गुणोत्तर ठरलेलं आहे, ते पाळावंच लागतं, आणि बूम पंपाला ७५ चा स्लम्प चालत नाही. पण दिशा घ्या. नियमातल्या किमान आकड्याच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहा. आयएस ४५६ मधली घनमीटरला ४५० किलो ही कमाल मर्यादा आहे, ते गाठायचं लक्ष्य नव्हे.

बैठकीत विचारायचे प्रश्न:

- एकूण पाणी किती लिटर? गुणोत्तर कमी असूनही सिमेंट भरपूर असेल तर पाणीही भरपूर असतं, आणि पाणी व पेस्ट वाढली की सुकण्याचं आकुंचन वाढतं.
- खडी कमाल किती मिलिमीटरची आणि किती प्रमाणात? खडी आकसत नाही, ती पेस्टला धरून ठेवते. २० मिलिमीटरची चांगल्या आकाराची खडी शक्य असताना पंपाच्या सोयीसाठी १० ची भरमार करू नका.
- क्रश सँडमध्ये भुकटी किती? आयएस ३८३ क्रश सँडला १५० मायक्रॉनच्या चाळणीखाली २० टक्क्यांपर्यंत मुभा देतं, पण दर खेपेला ते बदलत असेल तर पाण्याची मागणीही बदलते. नदीची वाळू आता बहुतेक साइटवर नसतेच, म्हणून हा प्रश्न आधी विचारा.
- फ्लाय अ‍ॅश, स्लॅग की सिलिका फ्यूम, सिमेंटबरोबर यांपैकी काय घालणार? फ्लाय अ‍ॅशने उष्णता कमी होते, ते चांगलं. पण काँक्रीट जास्त वेळ मऊ राहतं, म्हणजे वाऱ्याच्या तोंडीही जास्त वेळ राहतं. सिलिका फ्यूम असेल तर ब्लीडिंग (पाणी वर येणं) जवळपास नसतंच आणि पृष्ठभाग बघता बघता सुकतो.

आपल्या बाजूने एक गोष्ट निसर्गाने दिली आहे. दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, तापमानाला कमी फुगतो-आकसतो. आयएस ४५६ मध्ये बेसॉल्टच्या काँक्रीटला दर अंशाला दहा लाखात ८ ते ९.५ असा आकडा आहे, क्वार्ट्झाइटला १२ ते १३. स्लॅब २० अंशांनी थंड झाला तर बेसॉल्टमध्ये सुमारे १८० मायक्रोस्ट्रेन (दहा लाखात १८० एवढं आकसणं), क्वार्ट्झाइटमध्ये २५०. तडा जायला हेही पुरतं, पण फरक लहान नाही.

पॉलिप्रॉपिलीन फायबर घनमीटरला ०.९ किलोच्या आसपास घातले तर पहिल्या काही तासांचे तडे नक्की कमी होतात. वर्षभराने येणाऱ्या आडव्या तड्यांवर त्या मात्रेचा फारसा उपयोग नाही. विक्रेता दोन्हींची हमी देईल. ऐकून घ्या.

पायरी ३: तारीख नव्हे, तास ठरवा

स्लॅबचा मुहूर्त बहुधा पंप कधी मिळतो यावर ठरतो. तो ठरू दे, पण ओतायला सुरुवात किती वाजता करायची हे हिशोबाने ठरवा. हा हिशोब फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो आणि चार गोष्टी लागतात: काँक्रीटचं तापमान, हवेचं तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग.

काँक्रीटच्या तापमानात १८ मिळवा आणि त्या संख्येचा २.५ वा घात काढा. हवेच्या तापमानात १८ मिळवून तसंच करा आणि आलेल्या उत्तराला आर्द्रतेने गुणा; २५ टक्के असेल तर ०.२५ ने. पहिल्यातून दुसरं वजा करा. वाऱ्याच्या ताशी किलोमीटरमध्ये ४ मिळवून त्याने गुणा, मग ५ ने गुणा आणि दहा लाखांनी भागा. उत्तर येतं: दर तासाला एका चौरस मीटरमधून किती किलो पाणी उडणार.

सोलापूरकडची एप्रिलमधली दुपार धरू. काँक्रीट ३४ अंश, हवा ३८, आर्द्रता २५ टक्के, वारा १५. उत्तर येतं सुमारे १.३. तोच स्लॅब रात्री: काँक्रीट २८, हवा २६, आर्द्रता ५० टक्के, वारा ६. उत्तर ०.४. दर तासाला १ किलोच्या वर गेलं की तडे जवळपास ठरलेले, हा जगभर वापरला जाणारा उंबरठा. ०.५ पासूनच सावध राहा, विशेषतः फ्लाय अ‍ॅश किंवा सिलिका फ्यूम असेल तर.

आता तिसरा हिशोब, कारण इथे भले भले फसतात. जानेवारीची सकाळ, हवा १५ अंश, आर्द्रता ६० टक्के, पण नदीच्या पात्रातून वारा २० चा आणि काँक्रीट २६ अंशांचं. उत्तर १.१! थंडी आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर चुकलात. गरम काँक्रीट आणि गार, वाहती हवा ही जोडी उन्हाळ्याइतकीच घातक. पुलावर वारा जमिनीपेक्षा जास्त असतो हेही विसरू नका. अ‍ॅपमधला हवामान केंद्राचा आकडा नको. हातात धरायचं अ‍ॅनिमोमीटर घ्या आणि स्लॅबच्या पृष्ठभागापासून अर्धा मीटर वर मोजा.

काय बदलता येईल? काँक्रीट थंड करता येतं: खडीच्या ढिगावर सावली आणि पाण्याचा फवारा, मिक्सरमध्ये पाण्याऐवजी काही भाग बर्फ, पाण्याची टाकी उन्हात नाही. आयएस ७८६१ ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या आत असावं म्हणतं, पण डेकसाठी तो आकडा फार सैल आहे. ३० च्या आत आणता आलं तर बघा. वारा अडवायला बाजूला हिरवी जाळी किंवा ताडपत्री बांधा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संध्याकाळी सुरू करून पहाटेपर्यंत संपवणं. यात दुहेरी फायदा आहे: सिमेंटची उष्णता शिखरावर जाते तेव्हा वरून ऊन नसण्याची शक्यता वाढते. सकाळी ओतलात तर दुपारचं ऊन आणि सिमेंटची उष्णता एकत्र येऊ शकते.

पायरी ४: ओतण्याआधीची पाहणी

वरच्या जाळीचं कव्हर हा इथला सगळ्यात मोठा मुद्दा. चेअर (जाळी उचलून धरणारे आधार) कमी असतील तर पाइपलाइन आणि माणसं यांच्या वजनाने जाळी दबते. आणि कव्हर कमी पडलं तर सळईवरचे सेटलमेंटचे तडे आलेच. जाळीवर फळ्या टाकून चालायची वाट करा. प्रीकास्ट गर्डरचा माथा आणि शटरिंग आधी ओलं करा, पण पाणी साचलेलं नको. सेंट्रिंगचे टेकू कशावर उभे आहेत तेही बघा; ते ओतताना खचले तर स्लॅब घट्ट होण्याआधीच फाटतो.

सलग स्पॅनचा पूल असेल तर ओतण्याचा क्रम ड्रॉइंगवर असतो: साधारणपणे आधी स्पॅनचा मधला भाग, शेवटी पिअरवरचा पट्टा. कारण मधला भाग नंतर ओतला तर त्याच्या वजनाने गर्डर वाकतो आणि पिअरवरचा कोवळा स्लॅब ताणला जातो. पंपाच्या सोयीसाठी हा क्रम बदलायचा असेल तर डिझायनरची लेखी परवानगी घ्या.

क्युरिंगचं सामान स्लॅबवर आल्याशिवाय पहिला ट्रान्झिट मिक्सर सोडू नका. गोणपाट भिजवलेलं हवं, प्लास्टिक कापलेलं हवं, पंप आणि नोझल चालवून बघितलेलं हवं. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण रात्री दोन वाजता गोदामाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधत बसलात की पायरी ६ तिथेच संपते.

पायरी ५: ओतणं आणि फिनिशिंग

साइटवर पाणी घालायचं नाही. पंपवाला म्हणेल, "साहेब, दोन बादल्या टाका, सटकत नाही." ६ घनमीटरच्या मिक्सरमध्ये ६० लिटर पाणी गेलं तर घनमीटरला १० लिटर वाढले. ३८० किलो सिमेंटला १६० लिटरचं गुणोत्तर ०.४२ असतं, ते ०.४५ च्या जवळ जातं. ताकद कदाचित तरीही मिळेल, क्यूब पास होतील आणि तडा का गेला हे कुणालाच कळणार नाही. स्लम्प हवा असेल तर अ‍ॅडमिक्श्चरची (काँक्रीट वाहतं करणाऱ्या रसायनाची) जादा मात्रा, तीही आधी ट्रायलमध्ये ठरवलेली.

व्हायब्रेटर उभा घाला, हळू काढा. त्याने काँक्रीट आडवं ढकलू नका. मऊ असताना सळईवर तडे दिसले तर घाबरायचं कारण नाही: काँक्रीट अजून सेट झालेलं नसेल तर पुन्हा व्हायब्रेट करून आणि लाकडी रंध्याने दाबून ते मिटवता येतात. नुसती थापी फिरवून वरून बुजवलात तर खाली फट राहते.

गवंड्याला चकाकी आवडते. ती आणण्यासाठी तो पाणी शिंपडतो किंवा वर आलेलं पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरतो. दोन्ही बंद करा, मुकादमाला आदल्या दिवशीच सांगा. क्रेझिंग तिथूनच येतं. डेकवर पुढे डांबरी थर किंवा मॅस्टिक (डांबराचा घट्ट थर) येणार आहे, त्याला चकाकी नको, खरखरीतपणा हवा. फिनिशिंग जितकं कमी तितकं बरं. स्क्रीड (पृष्ठभाग समतल करणारी पट्टी), एक हात रंधा आणि पुढे.

पायरी ६: पहिली रात्र

या सगळ्या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा. आपल्याकडे रूढ पद्धत अशी: स्लॅब संपतो, सगळे दमून जातात, सकाळी कुणीतरी सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे घालतो आणि दुपारी पाणी भरतो. मधले १२ तास स्लॅब उघडा. पहिल्या तासांचे तडे याच वेळेत पडतात, आणि नंतर कितीही पाणी भरलं तरी ते मिटत नाहीत.

क्युरिंग तीन टप्प्यांत करा. पहिला, स्क्रीड पुढे गेला की मागोमाग धुक्यासारखा फवारा. थेंब पृष्ठभागावर आपटता कामा नयेत, हवा ओली ठेवायची आहे. बाष्पीभवन रोखणारं रसायन मिळत असेल तर तेही चालतं. दुसरा, रंधा फिरून झाला की काही मिनिटांतच भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. कॅन्ससच्या त्या मसुद्यात स्क्रीडनंतर १० मिनिटांत ओलं कापड टाकायची अट होती. ठसे उमटतील म्हणून गवंडी कुरकुर करेल. उमटू देत. कोरडं गोणपाट मात्र टाकू नका, ते उलट काँक्रीटमधलंच पाणी ओढतं. तिसरा टप्पा, काँक्रीट घट्ट झाल्यावर वाफे किंवा सतत ओलं ठेवलेलं गोणपाट.

पाण्याचं तापमानही बघा. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर बोअरचं गार पाणी एकदम सोडलं तर वरचा थर झटक्याने आकसतो. पाणी काँक्रीटपेक्षा ११ अंशांहून जास्त थंड नसावं.

किती दिवस? आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७, फ्लाय अ‍ॅश-स्लॅग असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान १०, आणि मिश्र सिमेंटला १४ पर्यंत वाढवायची शिफारस. डेकसाठी सरळ १४ धरा. मोजणी सलग हवी. रविवारी पाणीवाला सुट्टीवर गेला आणि स्लॅब एक दिवस सुकला, तर रजिस्टरमध्ये १४ लिहिलेलं असेल पण स्लॅबला ते माहीत नसतं. शेवटच्या दिवशी सगळं एकदम काढून उन्हात टाकू नका. गोणपाट काढल्याबरोबर क्युरिंग कंपाउंडचा हात मारा, म्हणजे सुकणं हळूहळू होईल आणि क्रीपला वेळ मिळेल. डेकवर पुढे वॉटरप्रूफिंग मेंब्रेन चिकटवायचं असेल तर ते कंपाउंड त्याला चालतं का हे आधी विचारा, नाहीतर घासून काढायचं काम वाढेल.

सेंट्रिंग खोलणं, क्रॅश बॅरिअरचं (कडेच्या कठड्याचं) काँक्रीट, स्लॅबवर मिक्सर चढवणं याच्या तारखा ड्रॉइंगप्रमाणेच. क्रॅश बॅरिअर हा स्वतः एक लांब, पातळ, खाली जखडलेला तुकडा आहे, त्यालाही असेच तडे जातात. त्याचे कटिंगचे सांधे वेळेवर करा.

पायरी ७: तडा आला, आता काय

येतीलच काही. आयआरसी ११२ मध्ये साध्या परिस्थितीत ०.३ मिलिमीटर आणि अतिकठोर परिस्थितीत, उदाहरणार्थ समुद्रालगत, ०.२ मिलिमीटर रुंदी हिशोबात धरलेली असते. म्हणजे केसासारखा प्रत्येक तडा दोष नव्हे. पण डेकमध्ये रुंदीइतकंच महत्त्व तडा आरपार आहे का याला. पाण्याचा वाफा भरा आणि खालून बघा.

रुंदी क्रॅक गेजच्या पट्टीने मोजा, नखाने नाही. तड्याच्या टोकांना आडवी रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे तो वाढतोय का ते कळतं. सिमेंटची पेस्ट चोळून तडा लपवू नका; वर्षभरात ती निघते. आरपार, न हलणाऱ्या तड्याला पातळ इपॉक्सी, शक्यतो स्लॅब थंड असताना पहाटे, कारण तेव्हा फट सर्वात मोठी असते. हलणाऱ्या तड्यात ताठ इपॉक्सी भरलं तर शेजारी नवा तडा पडतो. तिथे लवचिक सीलंट. प्लास्टिक श्रिंकेजचे उथळ तडे पातळ रेझिन नुसतं ओतून, ब्रशने पसरूनही भरतात.

हे सगळं मेंब्रेन आणि डांबरी थर टाकण्याआधी व्हायला हवं. एकदा वरून मॅस्टिक गेलं की तडा दिसायला पुन्हा खालूनच पांढरे ओघळ यायची वाट बघावी लागते. म्हणून थर टाकायच्या आदल्या आठवड्यात संपूर्ण डेकचा नकाशा करा: प्रत्येक तडा एक्स्पान्शन जॉइंटपासून किती मीटरवर, किती लांब, किती रुंद, मोजला तेव्हा किती वाजले होते आणि हवा किती अंश होती. तोच तडा सकाळी ०.२५ आणि दुपारी ०.१५ भरू शकतो, त्यामुळे वेळ नसलेल्या आकड्याची पुढच्या मोजणीशी तुलना करता येत नाही. नकाशाची एक प्रत हस्तांतराच्या कागदांत लावा.